वॉचमनचा पगार

२७ ऑक्टोबर, सोमवार

आणि वर माय मलाच म्हणते, दुसऱ्याचे दारुडे धुतोस-पुसतोस, सख्खा भाऊ दिसत नाही का तुला! जसा काही मी हौसेनं धुतो. एक तारखेला पैसे पोचले नाहीत की दोन तारखेला मायचा फोन ठरलेला. तेव्हा नाही विचारत, की कुणाला धुवून आणलेस हे पैसे.

दिवाळीला गेलो नाही त्याचा राग आहे हा. व्यसनमुक्ती सेंटरला दिवाळीची सुट्टी नसते. उलट दिवाळीतच लोक पेशंट आणून टाकतात, कारण घरी पाहुणे यायचे असतात. हे मी तिला दहा वेळा सांगितलं. ती आपलं एकच लावून धरते, 'दशरथला घेऊन जा. शिलाईचं दुकान बंद करून भिंतीकडं तोंड करून बसायलाय. पिऊन पिऊन डोक्यात गेलीय त्याच्या.'

मी म्हणलं, शालन वहिनीला दे फोन. म्हणे, पाण्याला गेली. मी फोन केला की वहिनी पाण्यालाच गेलेली असते. वसमतच्या बाजूला एवढं पाणी कधीपासून आलं?

ही वही सेंटरचीच आहे. पेशंटला रोज लिहायला लावतात. एक उरली ती श्यामला मॅडमनी मला दिली. मॅडम इथं समुपदेशक आहेत, आधी शाळेत शिकवायच्या. म्हणाल्या, 'अहो अभय, आपण दिवसभर माणसांवर ओरडता. थोडं कागदावर ओरडून बघा, कागद दचकत नाही.' नववीत शाळा सोडलेल्याला वही द्यायची म्हणजे टोमणाच. पण घेतली.

३० ऑक्टोबर

सरांना विचारलं. सर म्हणजे मालक. म्हणाले, 'स्टाफचा भाऊ म्हणजे आपलाच माणूस. अर्धी फी. पगारातून वळती करून घेऊ.' आपला माणूस म्हणून अर्धी, आणि वळती मात्र पूर्ण.

मच्छिंद्र म्हणाला, नको आणू. हा बिबवेवाडीचा रिक्षावाला. इथंच पेशंट म्हणून आला, बरा झाला आणि इथंच नोकरीला राहिला. 'आयला, सख्खा भाऊ आत घेऊ नको अभय. बायको रिक्षात बसली तर मीटर टाकला तरी भांडण, नाही टाकला तरी भांडण.'

पण माय दिवसाला चार फोन करायली. आणि आमची कल्याणी. तिच्यासाठी नांदेडचं स्थळ आलंय. घरात दारुडा भाऊ दिसला तर ते लोक चहासुद्धा पिणार नाहीत, असं माय म्हणते.

पुण्यात आल्यापासून मी पाच नोकऱ्या सोडल्या. पार्सल वाटले, गोडाऊनला राहिलो, पंक्चर काढली. कुठंच चार महिन्यांच्या वर मन लागलं नाही. इथं दीड वर्ष झालं. इथं कंबरेला चाव्यांचा जुडगा आहे. चाळीस पेशंट, त्यात एक वकील आणि एक बँकेतला साहेब. दार उघडायला तेसुद्धा माझ्या तोंडाकडं बघतात.

पेशंट आणायची आमची एक रीत आहे. घरच्यांचा फोन आला की पहाटे गाडी जाते. लग्नाला चल, देवाला चल, असं खोटं सांगून बसवायचं. नाही बसला तर चौघांनी उचलायचं. दादाला उचलायचं नाही असं मी ठरवलं. बोलावून घ्यायचं. म्हणलं, वाघोलीत वॉचमनची नोकरी बघितलीय तुझ्यासाठी, रविवारी ये.

'ड्रेस असतोय का?' एवढंच विचारलं त्यानं.

२ नोव्हेंबर, रविवार

नगर रोडला सकाळी ट्रॅव्हल्समधून उतरला. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, गळ्यात शिंप्याचा टेप.

मी म्हणलं, 'वॉचमनला टेप कशाला?'

'ड्रेस ढगळा दिला तर? मीच घालीन मापात.'

मिठी मारल्यासारखं करून मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. आमची ही पहिली तपासणी. वास आला नाही. बडीशेप खाल्ली असणार, सगळे खातात. लई बारीक झालाय. चालता चालता मधेच थांबायचा, डावीकडं मान करून ऐकल्यासारखं करायचा. मी म्हणलं, काय? म्हणाला, काही नाही.

आत घेतलं, गेटला कुलूप लावलं. दादा अंगणात उभा राहून इकडं तिकडं बघत म्हणाला, 'अभ्या, शिट्टी कुठाय?'

मग मच्छिंद्रनं त्याचे खिसे तपासायला सुरुवात केली. तेव्हा कळलं त्याला. ओरडला नाही, शिव्या दिल्या नाहीत. टेप, पट्टा, नाडी असलं काही आत चालत नाही. टेप मीच काढून घेतला त्याच्या गळ्यातून. तो मान वाकवून उभा राहिला, हार काढताना उभं राहतात तसा.

'मला गेटच्या आतून ठेवलंस का रे?' म्हणाला.

मी म्हणलं, तुझ्या भल्यासाठी आहे. हे वाक्य इथं सगळेच म्हणतात. माझ्या तोंडून आज पहिल्यांदा निघालं आणि तोंडातच राहिल्यासारखं वाटायलंय.

५ नोव्हेंबर

दारू तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात. कपातला चहा अर्धा बशीत, अर्धा छातीवर. काही जणांना मुंग्या दिसतात, घाम फुटतो. मी दादासाठी बादली, लिंबू-साखरेचं पाणी, जुनी चादर, सगळं तयार ठेवलं होतं.

काहीच नाही. चहा एक थेंब न सांडता प्याला. दुपारी बघतो तर गादीची उसवलेली शिवण शिवत बसलेला. सुई मच्छिंद्रनं दिली होती आणि समोर राखण बसला होता. दादानं एका झटक्यात दोरा ओवला. टाके असे की मशीनचे वाटावेत. मग बँकवाल्या साहेबाच्या शर्टाचं बटण लावून दिलं.

मच्छिंद्र म्हणाला, 'अभय, याचा हात बघ. हलत नाही.'

मी म्हणलं, कामाचा हात आहे, टणक हाड आहे आमचं. उद्या-परवा थरथरेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

डॉक्टर फक्त गुरुवारी येतात. आज त्यांना पंचवीस पेशंट. दादाला समोर बसवून त्यांनी विचारलं, किती पितो? दादा खिडकीकडं बघत होता. मीच सांगितलं, रोज पितो, दोन-तीन वर्षं झाली. डॉक्टरांनी लिहून घेतलं. दादा म्हणाला, 'साहेब, झोप नाही.' मी म्हणलं, सर, सगळेच म्हणतात. डॉक्टर हसले. मला बरं वाटलं, डॉक्टर आपल्या बोलण्यावर हसले की वाटतं तसं.

८ नोव्हेंबर

नवीनच नाटक. म्हणतो, शिवणयंत्र कोण चालवायलंय? मी म्हणलं, इथं यंत्र नाही. तो म्हणाला, 'नाही कसं? रात्रंदिवस चालायलंय. आणि त्याच्या आवाजात बोलतेत. काप म्हणतेत, मग म्हणतेत कापू नको.' त्याच्या खोलीतले तिघे वैतागले. हा उठून भिंतीला कान लावतो, त्यांची झोप मोडते.

सर रोज सांगतात, दारुड्याचं पहिलं वाक्य खोटं असतं आणि दुसरं पहिल्याला सांभाळायला असतं. एक पोट दुखतं म्हणून लोळायचा, घरी सोडलं तर सरळ गुत्त्यावर गेला. एकानं आई वारली म्हणून सांगितलं, रविवारी आई डबा घेऊन हजर. मला शेंडी लावायची तर माझ्या भावानं तरी जरा बरी गोष्ट रचायची.

१० नोव्हेंबर

सगळे मला बघायलेत. भाऊ आहे म्हणून सोडतो, असं वकील दुसऱ्याला म्हणाला, मी ऐकलं. मग मीटिंगमध्ये मीच उठून म्हणलं, दशरथला मौन द्या.

मौन म्हणजे आमची शिक्षा. मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. फक्त तीन दिवस त्या माणसाशी कुणी बोलायचं नाही, त्यानं काही विचारलं तरी त्याच्याकडं बघायचं नाही. ताट पुढं सरकवायचं आणि निघायचं. खोटं बोलणारे दुसऱ्या दिवशी रडून खरं सांगतात. सर खूश झाले. म्हणाले, 'बघा, याला म्हणतात स्टाफ. घरचा म्हणून गय नाही.'

मॅडम तेवढ्या म्हणाल्या, 'मौनाने शहाणा झालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण इथे माझं मत म्हणजे ताटातलं मीठ. वाढायचं, आणि कुणी हात लावायचा नाही.'

पुण्याच्या बायकांना प्रत्येक गोष्टीवर एक वाक्य लागतं.

११ नोव्हेंबर

ताट ठेवताना म्हणाला, 'अभ्या, तू तरी बोल. कुणी बोललं की ते जरा कमी होतंय.'

नियम म्हणजे नियम. बोललो नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

हात धुतले तरी वाटतंय अजून काही चिकटलंय.

सकाळी दादानं गादी उसवली. त्यानंच शिवलेली ती शिवण, टाका न् टाका दातानं काढला. आतला कापूस काढून दोन्ही कानांत भरला आणि वहीसोबत दिलेल्या पेन्सिलीनं आत आत दाबला. नाष्ट्याला बोलवायला मच्छिंद्र गेला तर डाव्या कानातून रक्त गळ्यापर्यंत आलेलं. आणि दादा शांत बसलेला. मच्छिंद्रचं तोंड हलताना बघून म्हणाला, 'आता काहीच येत नाही. लई बरं वाटायलंय.'

दवाखान्यात चिमट्यानं कापूस काढला. डाव्या कानाचा पडदा फाटलाय. मी त्याचं डोकं धरून होतो. प्रत्येक बोळा निघाला की तो दचकायचा, जणू आवाज परत आत टाकायलेत.

मौन सरांनी मंजूर केलं होतं. पेन्सिल मॅडमच्या वहीसोबतची. सुई मच्छिंद्रनं दिली म्हणून दादाला गादीत कापूस आहे ते कळलं. सगळ्यांचाच थोडा थोडा हात आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज डॉक्टरांनी मला बाहेर काढलं आणि दादाशी एकट्यानं बोलले. मॅडम आत होत्या. मी दाराबाहेर चाव्या घेऊन उभा. अर्धा तास लागला. गेल्या गुरुवारी दोन मिनिटं पण नव्हती.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, 'शेवटची दारू कधी प्याला हा?'

'सर, रोज...'

'तो म्हणतोय पोळ्याला. घरी विचारा.'

विचारलं. माय सकाळी विहारात जाते ती वेळ बघून फोन लावला. वहिनीनं उचलला. एवढ्या दिवसांनी पाण्याला गेली नव्हती.

'वहिनी, खरं सांगा. दादा कधीपासून पीत नाही?'

'पोळ्यापासून एक थेंब नाही. आधी प्यायचे ते झोप यावी म्हणून. त्यानं पण येईना, तर सोडून दिली. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?'

'तुम्ही का नाही सांगितलं?'

'मला फोन कुठं घेऊ देतेत, भावजी.'

'मग माय दारू कामून म्हणाली?'

वहिनी म्हणाली, 'दारू म्हणलं की लोक म्हणतेत, आज ना उद्या सोडंल. दुसरं काही म्हणलं की बोट कल्याणीकडं जातंय. येड्याची बहीण कोण करून घेईल? दारुड्याची चालती.'

डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी नाव सांगितलं. मी लिहून घेतलं नाही. गोळ्या लिहून घेतल्या. रोज घ्यायच्या, बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत, बंद केल्या की सगळं परत येणार. हे त्यांनी तीनदा सांगितलं.

सर म्हणाले, 'रजिस्टरला दारूच राहू दे. मानसिक लिहिलं की परवानगी वेगळी लागते.'

म्हणजे माय आणि सर एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांचं एकच मत.

१६ नोव्हेंबर, रविवार

मायशी भांडलो. म्हणलं, तू त्याला येडा म्हणाली असतीस तर कान वाचला असता. ती म्हणाली, 'तू तर दीड वर्ष तिथं हाईस. तुला ओळखू आलं नाही का?'

फोन मी कट केला. सवालाला सवाल करायची तिची जुनी सवय.

३० नोव्हेंबर

गोळ्या लागू पडायल्यात. दादा झोपतो, लई झोपतो. तोंडाला कोरड पडते, चाल जड झालीय. डाव्या बाजूनं हाक मारली तर ऐकू जात नाही, म्हणून मी उजवीकडून बोलतो. पेशंट त्याच्याकडं कपडे घेऊन येतात. वकिलाच्या पँटची कंबर मापात करून दिली. वकील म्हणाला, आमच्याकडं या, कोर्टासमोर दुकान टाकून देतो. आत असले की सगळे सगळ्यांना दुकान टाकून देतात.

मी विचारलं, 'दादा, राग आहे का?'

'कशाचा?'

'आणलं त्याचा.'

'नोकरी लावली म्हणालास, राग कशाला?' आणि हसला. हसणं गोळीचं का त्याचं ते कळलं नाही.

१४ डिसेंबर, रविवार

दादाला घरी पाठवला. सर म्हणत होते तीन महिने पुरे होऊ देत. कोणाचे पुरे, ते कळतं मला. मॅडमनी सोडल्याचा कागद करून दिला.

नगर रोडवर ट्रॅव्हल्सची वाट बघताना टेप परत दिला. त्यानं लगेच माझा खांदा मापला. म्हणाला, 'बारीक झालास.' रविवारी पेशंटच्या घरच्यांना मी जे सांगतो तेच त्यालाही सांगितलं. पैसा हातात घ्यायचा नाही, लागेल ते घरचे आणून देतील. दारू सुटलेल्याच्या हातात रोख म्हणजे वाळलेल्या गवताजवळ काडी. त्यानं मान हलवली. गोळ्या महिन्याच्या दिल्यात, डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या खिशात घातली. गाडी निघाली तेव्हा त्याची डावी बाजू माझ्याकडं होती. मी हाक मारली ती गेलीच नाही.

४ जानेवारी

माय खुशीत. नांदेडच्या पाहुण्यांनी कल्याणीला पसंत केलं. 'दशरथ एकदम बरा झाला. पाहुण्यांच्या पुढं बसला, पोहे खाल्ले, बोलला. तुझ्या सेंटरनं चांगली सोडवली रे दारू.'

मी म्हणलं, गोळ्या चालू आहेत ना?

म्हणाली, शालन पाण्याला गेली.

११ जानेवारी, रविवार

दादाचा फोन आला. त्याच्या स्वतःच्या नंबरवरून. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

'गोळ्या नाहीत,' म्हणाला. 'पाहुणे यायच्या दिवशी मायनं पाकीट चुलीत घातलं. म्हणली, बरा झालास, आता कशाला. शालन भांडली तर तिला माहेरी धाडलं.'

'किती दिवस झाले?'

'दहा-बारा.'

मला विचारायचं नव्हतं. विचारलं. 'मशीन चालू झालं का?'

मागं कुत्रं भुंकत होतं ते ऐकू आलं. मग म्हणाला, 'अजून लांब आहे. मागच्या गल्लीत असल्यासारखं.'

मी म्हणलं, मायकडं पैसे टाकतो, तिला आणायला सांगतो. म्हणाला, 'मायकडं टाकशील तर ते मांडवात जातील.'

'मग कुणाकडं टाकू?'

'माझ्याकडं.'

उभ्या जन्मात त्याला माझ्याकडं पैसे मागावे लागले नव्हते, दुकान होतं तेव्हा माझी फी तोच भरायचा. पण नियम मला पाठ आहे आणि तो मी चाळीस घरांना सांगितलाय. दादालाच ते कळलं असावं. हसला. म्हणाला, 'अभ्या, दीड महिना तुझं गेट आतून सांभाळलं. एक तरी पेशंट पळाला का? वॉचमनचा पगार टाक की.'

दुपारी वसमतच्या मेडिकलवाल्याला फोन लावला, म्हणलं पैसे थेट तुम्हाला टाकतो, गोळ्या घरी पोचवा. तो म्हणाला, या गोळ्या अशा फोनवर देत नाही. चिठ्ठी आणि पैसे घेऊन माणूस येऊ द्या.

माणूस कोण जाणार? वहिनी माहेरी. कल्याणीला माय जाऊ देणार नाही. तोच जाणार. बसस्टँडवर उतरून मेडिकल डाव्या हाताला आणि देशी दारूचं दुकान उजव्या हाताला. मी बघितलंय ते गाव. डावीकडून त्याला ऐकू येत नाही, उजवीकडून येतं.

मॅडमना विचारलं. म्हणाल्या, 'रोख देऊ नका हा नियम मीच तुम्हाला शिकवला. तो पेशंटच्या घरच्यांना सांगण्यासाठी होता. आपण त्याचे घरचे आहात की इथला स्टाफ, तेवढं आधी ठरवा.' आणि चष्मा पुसत बसल्या.

फोनवर आकडा टाकला आणि पुसला. परत टाकला. गोळ्या महिन्याच्या आठशे साठच्या. बसचे येऊन-जाऊन ऐंशी. एवढ्यात काय काय येतं ते मला पाठ आहे, आठवडाभर माणूस शुद्धीवर येणार नाही एवढं येतं. न टाकावे तर यंत्र मागच्या गल्लीतून पुढच्या गल्लीत येणार आणि आमच्या घरात कापसाच्या गाद्या चार आहेत.

मायला या महिन्याला काही नाही. तिचा फोन येईल, येऊ दे, मी पाण्याला गेलोय म्हणून सांगतो.

दशरथला, त्याच्याच नंबरवर, वॉचमनचा पगार: रुपये नऊशे चाळीस.